आखाडातल्या दोन चतुर्थ्या

आमच्या गावच्या पंचायतीत बाईमाणूस घ्यायचं ठरलं, तेव्हा पुरुषमंडळींनी गावभर शोध केला. त्यांना एक गप्प बसणारी बाई हवी होती. आणि त्यांनी निवडलं कुणाला, तर माझ्या आत्याला! हे आठवलं की मला आजही हसू आवरत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. गावातच दिलेली, आमच्या घरापासून चार घरं सोडून तिचं सासर. यजमान लोणावळ्याला रेल्वेत, पाळीच्या ड्युटीवर. पाच स्वतःची मुलं, दोन वारलेल्या जावेची, अंथरुणाला खिळलेली सासू, दोन म्हशी. एवढं सगळं उरकून सकाळी नऊला ही बाई पदर खोचून गावाच्या कामाला तयार! पुढे वयाची ऐंशी ओलांडली तरी तिचं हेच चाललं होतं. मुलं लहान होती तेव्हा कार्ल्याला देवी टोचणारे आलेत असं कळलं, की ती तिथवर चालत जाऊन त्यांना आमच्या गावात घेऊन यायची आणि पहिला दंड स्वतःच्या धाकट्याचा पुढे करायची. अडलेल्या बाईला झोळीतून कान्ह्याच्या स्टेशनावर नेलं, तेव्हा तर तिनं गाडीच थांबवून ठेवली होती. "गार्डभाऊ, तुमचं हिरवं फडकं जरा खाली धरा. बाई चढतीय, दोन जीवांची हाय." गार्डानं मुकाट्यानं फडकं खाली केलं. लोणावळ्याच्या दवाखान्यात बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली आणि आत्या संध्याकाळच्या गाडीनं परत येऊन म्हशीखाली धार काढायला बसली.

पण मला सांगायचंय ते त्या आखाडाबद्दल. मी चौथी पास झाले होते आणि आमची शाळा चौथीलाच संपत होती. पाचवी होती ती गाडीनं जाण्याच्या गावी. वडिलांनी एका वाक्यात निकाल लावला, "पोरीला गाडीनं धाडायचं न्हाई. शिकली तेवढी पुरं." मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून जेवले, पण बोलले नाही. वडिलांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

आत्याला मात्र वाटलं. "पोरगी गाडीनं जायाची न्हाई ना? मग पाचवीच हितं आनते," असं भावाला सुनावून ती कामाला लागली. पंचायतीचा अर्ज गेला. तालुक्याहून उत्तर आलं, की शाळा तपासायला साहेब येतील आणि पाचवीला बसणाऱ्या मुली आहेत की नाहीत ते डोळ्यांनी पाहतील. या साहेबांना गावात दिपोटी म्हणत. दिपोटी येणार म्हटल्यावर गुरुजीसुद्धा आदल्या रात्री शाळा सारवून घ्यायचे.

आत्याला आलेले सगळे कागद मी वाचून दाखवायची. "माझा चष्मा लोनावळ्याला दुरुस्तीला दिलाय, तू वाच," असं ती म्हणे. चष्मा दोन वर्षं दुरुस्तीला होता! मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ती सही तर झोकात करायची, खाली रेघ ओढून. पण हे पत्र आलं तेव्हा मी नेमकी तापानं फणफणले होते. म्हणून तिनं वाटेत गुरुजींनाच गाठलं. गुरुजी तारीख सांगू लागले, तशी म्हणाली, "तारीख राहू द्या, अवसेपासनं कितवा दिवस त्ये सांगा." गुरुजींनी बोटं मोजून सांगितलं, आठवा. आत्यानं मनाशी गाठ मारली, की दिपोटी अष्टमीला येणार.

दिवस ऐन लावणीचे. अकरा मुली पाचवीला बसण्याजोग्या होत्या, काही गावातल्या, काही बौद्धवस्तीतल्या, दोघी वरच्या ठाकरवाडीतल्या. त्यांच्या आयांचं म्हणणं एकच, "पोरी शाळेत धाडल्या तर रोपं कोन लावनार?" आत्यानं त्यांना तोड काढून दिली. आमच्याकडे इर्जिक घालतात. एकाच्या शेतात सगळ्यांनी मिळून काम करायचं आणि ज्यानं बोलावलं त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. एकदा शेतात उतरलं की शेत पुरं झाल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. आत्या म्हणाली, "तुमा सगळ्यांची खाचरं इर्जिकीनं लावून देते. जेवान माझं. सातमीपर्यंत लावणी संपवू, अष्टमीला पोरी शाळेत. बोला!"

काय दिवस होते ते! अकरा मुली, त्यांच्या आया आणि पुढे आत्या. डोक्यावर पळसपानांची इरली, गुडघाभर चिखल, रोज नवं खाचर. दुपारी बांधावर भाकरी आणि मटणाचा रस्सा. पहिल्या दिवशी दोघी-तिघींनी वस्तीतल्या बायांशेजारी बसायला नाकं मुरडली. आत्यानं त्यांच्या ताटल्या उचलून बरोबर मधे मांडल्या. भुका इतक्या लागलेल्या, की ताटल्यांमागोमाग त्याही आल्या.

सप्तमीला शेवटचं खाचर, ठाकरवाडीखालच्या एका म्हातारीचं. अर्धं लावून झालं होतं. तेवढ्यात बांधावरून गुरुजी घसरत-धडपडत पळत येताना दिसले. "आत्याबाई! साहेब आलेत! शाळेत एक मुलगी नाही!"

"आज? आज सातमी हाय, गुरुजी."

"अहो, आठवा दिवस आजच! या पंधरवड्यात चतुर्थ्या दोन झाल्या ना!"

आत्या रोपांची मूठ हातात धरून तशीच उभी राहिली. चतुर्थी दोन दिवस होती हे तिला ठाऊक होतं, उपासाच्या वेळी तिनं त्यावर कुरकुरही केली होती. पण अष्टमी एक दिवस पुढे सरकली हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. मला तर ब्रह्मांड आठवलं. माझी पाचवी डोळ्यांदेखत चिखलात चालली होती. आम्ही मुलींनी बाहेर पडायला पाय उचलले, तशी म्हातारी कळवळली, "बाई, उपटलेली रोपं मरतील की!"

"कुनी हालायचं न्हाई," आत्या म्हणाली. "गुरुजी, सायबालाच हितं आना."

आणि साहेब आले! एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बूट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. माणूस रागीट नव्हता, पण त्यांना परतीची गाडी गाठायची होती आणि शेरा त्यांनी शाळेतच लिहून आणला होता. बांधावर उभं राहून त्यांनी कागद पुढे केला. "पंचायतीतर्फे तुम्हीच आहात ना? वाचा आणि सही करा."

आत्यानं हात लुगड्याला पुसले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाली, "चष्मा दुरुस्तीला दिलाय, सायेब."

साहेबांनी सरळ स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढला आणि तिच्यापुढे धरला. "घ्या. वाचण्यापुरता चालेल."

तिनं तो घेतला. डोळ्यांवर चढवला. कागदाकडे पाहिलं. सगळं खाचर थांबलं होतं, बायका कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. पलीकडच्या खाचरात माझे वडील चिखलणी करत होते, त्यांनीही बैल उभे केले. आत्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग तिनं चष्मा काढून साहेबांना परत दिला.

"सायेब, मला वाचता येत न्हाई."

मी हादरले. दोन वर्षं तिच्या मांडीला मांडी लावून मी कागद वाचत होते आणि मला पत्ता नव्हता! बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. "आनि आमाला पोरी शिकवा म्हनून सांगत फिरती," असं एकीनं म्हटलेलं मला स्वच्छ ऐकू आलं. त्या बाईच्या अंगावर चिखल फेकावासा वाटला मला.

"व्हय, सांगत फिरते," आत्या म्हणाली आणि तिनं कागद माझ्या हातात दिला. "वाच गं. मोठ्यानं वाच."

माझ्या बोटांचे चिखलाचे ठसे कागदावर उमटले. मी वाचलं, इतक्या मोठ्यानं की ठाकरवाडीपर्यंत जावं. "समक्ष पाहणी केली. शाळेत एकही मुलगी उपस्थित नाही. सबब पाचवीच्या वर्गाची आवश्यकता दिसून येत नाही. वरील मजकूर पंचायतीस मान्य आहे."

आत्या बायकांकडे वळली. "आयकलं? ही पोरगी नसती तर मी ह्याच्यावर सही ठोकली असती. खाली रेघ ओढून! आनि पत्र मला वाचता आलं असतं, तर आज तुमच्या पोरी शाळेत दिसल्या असत्या. दिवस माझा चुकला, सायेब. पोरींचा न्हाई. पाचवी कशाला पायजे ते तुमच्या कागदात लिवायचं असंल, तर मलाच लिवा. हिला अडानी ठेवली आनि बगा काय झालं, असं लिवा."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, ओळीवर काट मारली आणि गुरुजींच्या पाठीवर टेकवून नवं लिहायला घेतलं. "मुली इथे हजर आहेत, असं धरतो. नावं सांगा. पण घरच्या माणसानं सांगितलं पाहिजे, पाठवणार म्हणून."

आया एकमेकींकडे बघत होत्या. मग चिखल तुडवत कुणीतरी येत असल्याचा आवाज आला. माझे वडील. बैल तसेच सोडून ते बांधापाशी आले. बहिणीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"पयलं नाव माझ्या पोरीचं लिवा, सायेब," ते म्हणाले. "आमच्या बापानं मला दोन वर्सं शाळेत धाडलं. हिला शेळ्यांमागं धाडलं, मला शाळेत जाता यावं म्हनून."

मग नावं येत गेली, एकीमागून एक, अकरा. आम्ही मुली किंचाळलो, उड्या मारल्या, साहेबांच्या दुमडलेल्या पँटीवर चिखल उडवला. पाचवी दिवाळीनंतर उघडली. पण त्या दिवशी खाचरात आत्या आमच्यात नाचायला आली नाही. ती खाली वाकून रोपं लावत राहिली होती. मी धावत जाऊन तिच्या शेजारी वाकले, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती हुंदके देऊन रडत होती आणि माझे वडील तिच्या पलीकडे वाकून, मान वर न करता, तिच्या वाटणीची रोपं लावत होते.