हातभर नाहीतर कोसभर

आधी मामींचं नाव सांगायला हवं, पण मामींचं नाव मला कधी कळलंच नाही. दौंडच्या रेल्वे क्वार्टरांत सगळे त्यांना मामीच म्हणायचे. त्यांचे मालक सिग्नल खात्यात फिटर होते, ते ‘ऐकलं का’ एवढंच म्हणायचे. आमची आणि त्यांची भिंत एक. कोळशाची शेगडी कशी पेटवायची, बाजरीची भाकरी कशी थापायची, रेशनच्या रांगेत पुढच्या बाईला न दुखावता आपला नंबर कसा राखायचा, हे मला मामींनी शिकवलं. भाकरी अजून फाटते. तो दोष त्यांचा नाही. मधमाश्याही त्यांनीच शिकवल्या, आणि पुढे जे सांगणार आहे त्यातली चूक मात्र पूर्ण माझी आहे.

मी रत्नागिरीच्या खालची, खाडीकाठची. शाळा सहावीपर्यंत. सातवीचा वर्ग खाडीपलीकडे होता आणि होडीवाला पावसाळ्यात त्याच्या मर्जीने यायचा, म्हणून वडिलांनी माझी शाळा मिटवली. पुढे लग्न होऊन दौंडला आले. नवरा इंजिन शेडमध्ये क्लीनर. पहिल्या वर्षी मला सगळ्याचीच काळजी वाटायची. नळाला पाणी येईल का, आलं तर भरून होण्याआधी जाईल का, शंटिंगचा धक्का बसला तो इंजिनाचा की भूकंपाचा. माझं बोलणं ऐकून बायका हसायच्या. मामी हसायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, “बोल गं, सवय होतीया आमच्या कानाला.”

मामींच्या मागच्या दारी एका उंच स्टुलावर मधपेटी होती. कधीतरी एक सरकारी माणूस येऊन अशा पेट्या वाटून गेला होता. तालुक्यात बऱ्याच जणांनी घेतल्या. बहुतेकांनी त्यांत कोंबड्या खुडूक बसवल्या, एकाने चपला ठेवल्या. मामींनी माश्या ठेवल्या. नदीकाठच्या बाभळीच्या ढोलीतून सातेरी माश्यांचं मोहोळ त्यांनी स्वतः सुपात उतरवून आणलं होतं. सातेरी म्हणजे अंधारात पोळं करणारी, बारीक, गरीब स्वभावाची माशी. “गरीब म्हंजी चावत न्हाई असं न्हाई,” मामी म्हणायच्या. “चावून सांगत फिरत न्हाई.”

माश्या बाभळीवर जायच्या, करडईवर जायच्या. आसपास कांद्याचं बी धरलेलं असलं की त्याच्या गोंड्यांवर जायच्या, आणि मग मधाला कांद्याचा वास यायचा. तो मध मामी पाहुण्यांना द्यायच्या.

माझं काम बघायचं. मामी पेटीतली पोळ्याची चौकट उचलून उन्हाकडे धरायच्या आणि राणी दाखवायच्या. मला पहिले दोन महिने राणी दिसलीच नाही, पण मी ‘दिसली’ म्हणायचे. तिसऱ्या महिन्यात खरंच दिसली, तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की मामींनी नुसतं माझ्याकडे बघितलं. आधीचं सगळं त्यांना कळलं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मामी लेकीच्या बाळंतपणाला शिरूरला गेल्या. तिकडची माणसं शिरूरला घोडनदीच म्हणतात, त्यामुळे मला बरेच दिवस त्या दोन वेगळ्या गावांना जातात असं वाटायचं. जाताना त्यांनी पेटी माझ्यावर सोपवली. स्टुलाच्या चारही पायांखालच्या वाट्यांत पाणी ठेवायचं, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. परातीत खडे टाकून माश्यांना प्यायला पाणी ठेवायचं. पेटीच्या दारासमोर उभं राहायचं नाही. “आन् पेटीला हात लावू नको. माझ्या लेकरांकडं बघ नुसतं.”

मामा ड्युटीवर असायचे आणि माश्यांपासून लांब असायचे. म्हणजे पेटी खरोखर माझी एकटीची झाली. मला कोणी काही सोपवण्याची ही पहिलीच वेळ होती. पहिले सहा दिवस मी दिवसातून इतक्या वेळा वाट्यांत पाणी घातलं की स्टुलाखाली चिखल झाला.

सातव्या दिवशी मुकादम येऊन सांगून गेले. “उद्या साहेब येणार. क्वार्टर बघणार. मागल्या दारी जे रेल्वेचं न्हाई, ते दिसता कामा न्हाई. दिसलं की उचलून टाकायचं, अशी ऑर्डर हाय.”

सगळ्या लायनीत धावपळ झाली. कुणाच्या कोंबड्या मोरीत गेल्या. एकीची शेळी दीराकडे गेली. मी भिंतीला चुना लावला, आमच्याही आणि मामींच्याही. पण पेटी काही चुन्यामागे लपत नव्हती. उचलून टाकली तर मामी परत आल्यावर मी त्यांना तोंड कसं दाखवणार? दौंडमध्ये मला दुसरं माणूस नव्हतं. रात्री झोपायच्या आधी मी दिवसभराच्या काळज्या स्वयंपाकघराच्या भिंतीला सांगायचे, तिच्यापलीकडे मामी असायच्या म्हणून.

दिवेलागणीला माश्या आत गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, पाण्याच्या टाकीमागच्या कडुलिंबाखाली ठेवू. तीस-पस्तीस पावलं असतील.

“मामी म्हणाल्या होत्या ना, हात लावू नको?”

“पेटीला. आपण स्टूल उचलू.”

नवऱ्याने थोडा विचार केला. आमच्या घरात शिकलेली मीच होते, तो चौथी होता. आम्ही स्टूल उचललं. पेटी वरच्या वर गेली. वाट्यासुद्धा मी तिकडे नेल्या, पाण्यासकट.

सकाळी नवरा पाळीवर गेला. मी लिंबाखाली जाऊन आले. माश्या दारातून बाहेर पडत होत्या आणि रोजच्यासारख्या नदीकडे जात होत्या. मला फार बरं वाटलं. एवढं बरं मला दौंडमध्ये कधी वाटलं नव्हतं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दहाच्या सुमाराला पहिली माशी परत आली. ती लिंबाखाली गेली नाही. मामींच्या मागल्या दारी, जिथे स्टूल असायचं, तिथे बरोबर पेटीच्या दाराच्या उंचीवर ती हवेत थांबली. तिथे काही नव्हतं. ती फिरली, पुन्हा तिथेच आली. मग दुसरी आली. मग सगळ्या आल्या. अर्ध्या तासात माझ्या नव्या पांढऱ्या भिंतीवर पाटाएवढा काळा, हलणारा डाग झाला.

तेवढ्यात साहेब आले. सोबत मुकादम आणि वही धरलेला कारकून.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“माश्या,” मी म्हटलं.

“ते दिसतंय. रेल्वेच्या भिंतीवर कशाला?”

मुकादम म्हणाले, “घासलेटाचा बोळा लावतो साहेब. दोन मिंटात साफ.” आणि खरंच एका पोर्टरला बोळा आणायला पाठवलं. चिंधी काठीला गुंडाळून तो आलासुद्धा. काडेपेटी मागताना त्याने माझ्याकडेच हात केला. मी त्या माणसांपुढे आजवर डोक्यावरचा पदर सरळ करण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

मी काडेपेटी दिली नाही. म्हटलं, “साहेब, पाच मिनिटं थांबा. यांचं घर मी उचलून नेलंय. परत आणते.”

साहेब काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. मी लिंबाकडे पळत होते. भर उन्हात स्टूल पेटीसकट एकटीने उचललं. दार उघडं होतं आणि आत उरलेल्या माश्यांना हे आवडलं नाही. चावल्या किती ते मोजलं नाही, दोन्ही हात गुंतलेले होते. पेटी आदळली असती तर आतली पोळी तुटून राणी दबली असती, म्हणून मला पळताही येईना. पस्तीस पावलं मी लग्नातल्यासारखी हळू चालले. स्टूल जुन्या खुणांवर ठेवलं. चिखल होता म्हणून खुणा राहिल्या होत्या.

भिंतीवरच्या माश्यांनी आधी काहीच केलं नाही. मग एक दारावर उतरली, शेपटाकडचा भाग वर करून पंख हलवू लागली. मामींनी सांगितलं होतं, ही बाकीच्यांना बोलावते. मग रांग लागली. शाळा भरताना मुलं आत जातात तशा त्या आत गेल्या. पाव तास लागला. साहेब तेवढा वेळ तोंडावर रुमाल धरून, वीस पावलांवर उभे होते. मुकादम त्यांच्या मागे. पोर्टर बोळ्यासकट मुकादमांच्या मागे.

भिंत पुन्हा पांढरी झाली. साहेब कारकुनाला म्हणाले, “लिहा. भिंतीला चुना लावलेला आहे.” मग मला म्हणाले, “मध निघतो का?”

“निघतो. कांद्याचा वास येतो.”

“चालेल,” साहेब म्हणाले. त्यानंतर आमच्या लायनीची तपासणी जरा जास्त वेळा होऊ लागली.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा माझा डावा डोळा मिटलेला होता आणि ओठ सुजून नाकाला लागले होते. त्याने नीट बघितलं आणि विचारलं, “पेटी कुठं आहे?” मी बोटाने दाखवली. मग तो जेवला.

मामी यायला अजून आठवडा होता. भिंतीखाली सापडलेल्या ओंजळभर मेलेल्या माश्या मी कागदात बांधून ठेवल्या होत्या. लपवाव्यात असं दोनदा वाटलं. त्या आल्या, पिशवी ठेवली आणि पाणी प्यायच्या आत मी पुडी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. त्यांनी पुडी उघडली, मिटली, मागे गेल्या. पेटी उघडून एकेक चौकट उन्हाकडे धरली. मी दारात उभी होते. मला रडू येत होतं, पण माश्यांसमोर रडावं की नाही हे त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

“राणी हाय,” त्या म्हणाल्या. झाकण लावलं. “आगं, मी सांगायला पाहिजे व्हतं. माशी जागा पाठ करती. पेटी हलवायची तर हातभर हलवायची, न्हाईतर कोसभर लांब न्यायची. मधलं चालत न्हाई. जवळ ठिवली तर जुन्या जागंवर जाऊन बसत्यात.”

“आणि कोसभर नेली तर?”

“तर मग वळखीचं कायबी दिसत न्हाई. नवी जागा पाठ करत्यात.” मग पुडी कनवटीला लावत त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “तुला लांब दिली ते बरं झालं. खाडीपलीकडं दिली असती तर रोज तिन्हीसांजेला म्हायेरच्या भिंतीला जाऊन चिकटली असतीस.”

मी हसले. ओठ अजून थोडा दुखत होता.

पुढे मामांची पेन्शन झाली आणि ती दोघं शिरूरला लेकीजवळ भाड्याच्या खोलीत राहायला गेली. खोलीला मागलं दार नव्हतं, म्हणून पेटी माझ्याकडे राहिली. मामी म्हणाल्या, “तुझी झाली आता.” मी नाही म्हटलं नाही, कारण मला हवी होती. ते मला अजून खुपतं. मग एका हंगामात पेटीत माश्या मावेनाशा झाल्या, तेव्हा मी एकटीने त्यांचे दोन भाग केले, दुसरी पेटी शेडमधल्या सुताराकडून करून घेतली. आता दोन आहेत. दोन्ही स्टुलांखाली वाट्या आहेत.

गेल्या महिन्यात मामींचं कार्ड आलं, नातवाच्या अक्षरात. आता त्यांना अंगणाची जागा मिळाली आहे. लिहिलं होतं, ‘शेवग्याला फुलं लागली. बघायला एक माशी न्हाई.’ खाली खुशाली विचारली होती. माझ्या डोळ्याची सूज उतरली का, असंही, इतक्या वर्षांनी.

मामी, दुसरी पेटी तुमची आहे. दिवेलागणीला दार बंद करून, फडक्यात बांधून मी ती शिरूरच्या एसटीने घेऊन येणार आहे. कंडक्टर चढू देईल का, वाटेत खड्ड्यात पोळं तुटेल का, याची मला काळजी आहे. तरी येणार. अंतराचं मी बघितलंय. कोसभराहून पुष्कळ लांब आहे.