लख्ख घासलेली काच

आजही आठवलं की माझं डोकं तापतं. गेल्या खंडेनवमीला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मावशींनी माझी अकरा दिवसांची मेहनत साबण लावून धुऊन टाकली.

मावशी म्हणजे प्रयोगशाळेतल्या शिपाई बाई. झाडलोट आणि काचसामानाची धुणीपुसणी त्यांच्याकडे. मी तिथं भौतिकशास्त्र शिकवते, सोबत पीएच.डी. चाललेली. प्रबंधाची मुदत दिवाळीपर्यंतच होती आणि शेवटचं निरीक्षण तेवढं राहिलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचांमध्ये थेंबभर द्रव बंद केला होता. त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे मऊ कण, भिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगून एकमेकांना खेटलेले. त्यातले काही ऊब लागली की आकसायचे, निवले की पुन्हा फुगायचे. हे रूप पालटणारे कण एवढ्या दाटीतून सरकतात कसे, ते कॅमेरा टिपत होता. पंधरा दिवस सलग टिपायचं होतं, आणि नवा नमुना तयार करायलाच महिना लागतो.

अष्टमीला मी माहेरी पेडगावला गेले, दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. बघते तर सूक्ष्मदर्शकाला झेंडूचा हार, हळदीकुंकू, पुढ्यात फोडलेला नारळ. हत्यारं, यंत्रं धुऊनपुसून पुजायची आपली रीतच आहे. काच मात्र कोरी होती.

"दुधाळ डाग पडला व्हता मॅडम," मावशी हौसेनं म्हणाल्या. "वरची काच सोडवली, घासून लख्ख केली. पूजेला घाण कशी चालंल?"

मी नको नको ते बोलले. त्यांची अक्कल काढली, वय काढलं.

"व्हतं तरी काय त्या काचंवर?" त्यांनी हळूच विचारलं.

मी तणतणतच सांगितलं.

"म्हंजी दाटीत एकानं अंग चोरलं की दुसऱ्याला सरकायला जागा व्हती. एस्टीत आमी तेच करतो की. आधी सांगायचं व्हतं मॅडम, बोट लावलं नसतं."

"अजून काय सांगायचं? हात लावू नका म्हणून एवढा मोठा कागद चिकटवलाय!"

कागद यंत्रावर जागच्या जागी होता. ठळक अक्षरांत, मीच लिहिलेला, इंग्रजीत. मावशींना इंग्रजी वाचता येत नाही, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. त्यांनी त्या कागदालाही कुंकवाचं बोट लावलं होतं.