अक्कांचं खातं

काही गोष्टी माणूस चितेपर्यंत सोबत नेतो. मीही नेणार होतो. पण माझी तब्येत ठणठणीत आहे, शुगरसुद्धा आटोक्यात, आणि तेवढी वर्षं ही गोष्ट सांभाळणं मला जमेलसं दिसत नाही. बायकोला यातलं काही माहीत नाही. मुलाला निम्मं माहीत आहे. पूर्ण कोणालाच नाही — तुम्ही पहिले.

जळगावच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर हार-तुरे, भाषणं, मानपत्रं यांची टिंगल करणारा माणूस म्हणून कॉलनीत माझी थोडी ख्याती आहे. लोक पैशाबाबत मला विचारतात. मी बहुतेक वेळा ‘नको’ म्हणतो, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं.

मुलगा मस्कतला असतो. बँकेमार्फत पैसे पाठवले की वाटेत कापले जायचे, वर दोन दिवस. मग त्याने स्टेबलकॉइनचं काढलं. फोनमधलं नाणं, एक नाणं म्हणजे एक डॉलर, तेवढे डॉलर तिजोरीत आहेत असं नाणं काढणारी कंपनी म्हणते. मी अर्थातच हसलो. पण मी चहा टाकला आणि तो उकळायच्या आत पैसे आले. शिवाय ती नाणी फोनवरूनच कुणा गिऱ्हाइकाला विकली की बँकेच्या दरापेक्षा रुपया-दीड रुपया जास्त. थोडी नाणी मी एका अ‍ॅपवर कर्जाऊही लावली. व्याज फिक्स डिपॉझिटच्या दुप्पट. कर्ज कोण घेतं, बुडालं तर कोण भरतं — मी विचारलं नाही. हाच प्रश्न न लिहिणाऱ्या मुलांचे मी मार्क कापत असे.

पण मी संशयी माणूस. नाणी विकून येणारे रुपये माझ्या पेन्शनच्या खात्यात नकोत, असं मला वाटलं. काही भानगड झाली तर? तेव्हा — हे कसं सांगू? — मी ते शेजारच्या अक्कांच्या खात्यात घ्यायला लागलो.

अक्का ज्वारीचे बिबडे आणि पापड करतात. कॉलनीमागच्या बायका त्यांच्याकडे हिवाळ्यापासून कामाला येतात. माल भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्सपर्यंत जातो. मजुरी बायका हातात घेत नाहीत. ती अक्कांच्या खात्यात साठते आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी एकदम मिळते — लेकी माहेरी येतात, साड्या घ्यायच्या असतात, झोके बांधायचे असतात. म्हणजे ते खातं एका बाईचं नव्हतंच. मी त्यांना म्हटलं, मुलाचे पैसे तुमच्याकडे येतील, तुम्ही मला चेक द्या. ‘त्यात काय भाऊ?’ म्हणाल्या. त्यांनी कारणही विचारलं नाही.

मुलाने एकच बजावलं होतं: ज्याला नाणी द्याल, त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे आले पाहिजेत. एकदा धुळ्याचं एक गिऱ्हाईक भेटलं. मिरचीचा व्यापारी, बोलायला गोड.

‘सर, पैसा मेव्हण्याच्या खात्यातून टाकतो. चालेल ना?’

चालेल ना? माझ्या वडिलांचं धुळ्यात धान्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक एक, चेक साडूचा, सही तिसऱ्याचीच — उभ्या बाजारात असंच चालायचं आणि नाव विचारणं हा अपमान समजला जायचा. मी चालेल म्हटलं. पैसे आले. अक्कांच्या फोनवरच्या मेसेजात पाठवणाऱ्याचं नाव आपल्याकडचं नव्हतं. असतील मेव्हणे परराज्यात, म्हणून मी नाणी सोडली. अक्कांनी चेक दिला, मी वटवला.

आखाजी तोंडावर आली आणि अक्कांचं खातं गोठलं. सगळं. दूरच्या कुठल्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा आदेश: या खात्यात फसवणुकीची रक्कम आली आहे. रक्कम मी वाचली. आकडा ओळखीचा होता.   म्हणजे कुठल्या तरी घरातून चोरलेला पैसा अक्कांच्या खात्यातून माझ्या खिशात आला होता, आणि मी सोडलेली नाणी घेऊन चोर पसार झाला होता.

अक्कांच्या अंगणात बायका जमल्या होत्या. इंग्रजी कागद वाचायला मला बोलावलं होतं.

‘भाऊ, मना हातनं काय चुकी गयं?’ अक्का म्हणाल्या. ‘बठ्ठ्या बायास्ना पैसा शे तो.’ सगळ्या बायांचा.

सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. मी विचारलं, ‘अक्का, फोनवर आलेला नंबर तुम्ही कोणाला सांगितला होता का?’

त्या आठवायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘गॅसवालाले सांगा व्हता.’

सिलिंडर आला की तो नंबर सांगावाच लागतो. मीही सांगतो. त्याचा बँकेशी काडीचा संबंध नसतो, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो — आणि आजही हे माझ्याच तोंडून निघालं यावर माझा विश्वास बसत नाही — मी म्हणालो, ‘तिथेच घोळ झाला.’

एक म्हातारी ओरडली, ‘ओ माय! आमनी आखाजी गॅसवालाले दी टाकी का?’ कोणी हसलं नाही. अक्कांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या नजरेत संशय नव्हता. असता तर मी बोललो असतो का? माहीत नाही.

पोलिसांना उत्तर मीच लिहून दिलं: रक्कम कशाबद्दल आली माहीत नाही, घरखर्चात गेली. अक्कांनी सही केली. निम्मी मजुरी वाटण्यापुरते पैसे मी त्यांना उसने दिले. मोठ्या मनाने. पुढे वादातली रक्कम अडकवून बाकी खातं खुलं झालं, तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी माझे पैसे फेडले, वर बिबड्यांचा डबा. मी पैसे घेतले. बिबडेही खाल्ले.

बऱ्याच बायका त्या वर्षी दुसरीकडे कामाला लागल्या. अक्का चांगल्या, पण त्यांना फोनमधलं कळत नाही — असं त्या अजून बोलतात. आता गॅसवाला आला की अक्का नंबर सांगत नाहीत. मला हाक मारतात. मी जातो आणि सांगतो.

यंदा आमच्या बँकेने ऑनलाइन फसवणुकीवर जागृतीचा कार्यक्रम ठेवला. वक्ता मी. अक्का पहिल्या रांगेत होत्या. ‘अनोळखी माणसाला नंबर सांगू नका,’ असं मी म्हणालो तेव्हा दोन-चार बायकांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, आणि अक्कांनी मान डोलावली. शेवटी मॅनेजरांनी मला शाल पांघरली. ती पॉलिस्टरची आहे.