पुस्तकाला लावलेली खळ

आमच्या इंग्रजीच्या बाईंची नोकरी माझ्या घरच्या खळीने गेली. हे मी अजून चारचौघांत सांगितलेलं नाही.

बाई कोकणातल्या. लग्न केलेलं नव्हतं. शाळेच्या आवारात मागच्या बाजूला दोन खोल्या त्यांना राहायला दिलेल्या होत्या. सोबत त्यांची आई असायची. आईला डोळ्यांनी फार कमी दिसायचं. मधल्या सुट्टीत बाई तिला हाताला धरून लिंबाखाली आणून बसवायच्या आणि वर्गात काय शिकवलं ते सांगायच्या. नोकरी गेली तर खोल्याही जाणार होत्या, हे आम्हा सगळ्या मुलींना माहीत होतं.

मॅट्रिकच्या वर्गात आम्ही अकरा जणी. सगळे विषय इंग्रजीतून. माझ्या घरी स्वयंपाकघरात कानडी, अप्पांच्या दुकानात मराठी आणि घरामागे हातमाग होते तिथे विणकरांची तेलुगू चालायची. चार भाषा कळत होत्या आणि चारही भाषांत मी गप्प बसायची. वर्गातल्या मुली मला 'समाधी' म्हणायच्या. "समाधीला हात लावा गं, जिवंत आहे का बघा," असं कोणीतरी रोज म्हणायचं.

बाईंनी त्या वर्षी अवांतर वाचनाला एक कादंबरी लावली होती. विलायतेहून सहा प्रती मागवल्या होत्या. गोष्ट अजून न आलेल्या काळातली. त्या शहरात कोणी आपल्या हाताने पत्र लिहायचं नाही. यंत्रासमोर बसून बोलायचं, यंत्र त्यातले नको ते शब्द गाळून पत्र छापून देणार. गाळलेल्या शब्दांचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, यंत्राखाली पडायचे. ते झाडून भरणारी एक बाई, तिची ती गोष्ट. काही वर्षांनी खिळे पडेनासेच होतात, कारण यंत्र गाळणार नाही तेवढंच लोक बोलायला लागलेले असतात.

बाईंनी विचारलं, "यंत्राने सगळ्यात आधी कुठला शब्द गाळला असेल?" कोणी 'स्वातंत्र्य' म्हणालं, कोणी 'राजा'. मी वहीत लिहिलं, 'पण'. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझं नाव न घेता ते वर्गात वाचलं आणि पूर्ण तास त्या एका शब्दावर बोलल्या. माझे कान तापले होते. तेवढा आनंद मला शाळेत पुन्हा झाला नाही.

त्या उन्हाळ्यात शहरात लष्करी कायदा लागला. शाळा उघडली तरी सात रस्त्याच्या चौकात बंदुका घेतलेले शिपाई उभे असायचे. पांढरी खादीची टोपी घालायची सोय नव्हती. अप्पांचे दिवाणजी बोडक्यानेच दुकानात यायला लागले. जन्मात पहिल्यांदा आम्ही त्यांचं टक्कल पाहिलं आणि कोणालाही हसू आलं नाही.

शाळेची तपासणी होणार असं कळलं तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, ती कादंबरी चाळली. पुस्तकं टाकून द्यायला त्यांचं मन होईना. म्हणून त्यांनी सरकारला खटकतील असे उतारे खुणा करून दिले आणि त्यांच्यावर कोरा कागद चिकटवायला सांगितलं. काम बाईंवरच टाकलं. बाईंनी मला मदतीला बोलावलं.

"तुझा हात स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "आणि तू बाहेर बोलणार नाहीस."

शाळेतला डिंक वाळून खडा झाला होता. मी म्हटलं, आमच्या घरी पिठाची खळ असते. दुपारी जाऊन मागावर काम करणाऱ्या बाईपुढे लोटा धरला. ती ताण्याला, म्हणजे मागाच्या उभ्या सुताला, खळ लावत होती.

"खळ व्हय? घे की," ती म्हणाली. "पुस्तकाला लावतीस? लई शिकलीस बग अक्का. आता पुस्तकाचंबी लुगडं करतीस का काय?"

आम्ही दोघीही हसलो. मी लोटा झाकून शाळेत नेला.

बाई मोजून कागद कापायच्या, मी खळ लावून बसवायची. खाली दिसणारं वाक्य झाकायच्या आधी बाई ते एकदा मनात वाचायच्या. त्यांचे ओठ हलायचे. सहाही प्रती संपल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "छान बसले. आता कोणाच्या बापाला निघायचे नाहीत."

बाईंडर खळीत मोरचूद घालतो, म्हणून त्याच्या पुस्तकाला किडा-मुंगी लागत नाही. आमच्या खळीत नुसतं पीठ. आठ दिवसांत कपाटात मुंग्यांची रांग लागली. शाळेतल्या आयाने चांगलंच करतोय असं समजून प्रत्येक पान ओल्या फडक्याने पुसलं. मागावरची खळ सुताला ताठ ठेवण्यापुरती असते. नवं लुगडं पहिल्या पाण्यात मऊ पडतं ते म्हणूनच. आमच्या घरात हे पाच वर्षांच्या पोरीला माहीत असतं. आयाच्या फडक्याखाली कागद कांद्याच्या सालीसारखे सुटून आले आणि खालची वाक्यं जशीच्या तशी उभी राहिली.

तपासणीला चार दिवस होते. मोठ्या बाई वर्गात आल्या. हातात एक प्रत आणि ओल्या कागदांचा चुरगळलेला गोळा. त्या इंग्रजीत सावकाश बोलल्या. हे कागद निघावेत अशाच बेताने लावले आहेत. तुमच्या शिक्षिका म्हणतात की खळ कुठून आली ते त्यांना आठवत नाही. खरं कळलं नाही तर त्यांना जावं लागेल. कोणाला काही माहीत आहे?

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी उठले नाही. माझ्या पायांना उठायचं होतं असंही मला सांगता येणार नाही. मोठ्या बाई गेल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "समाधी, तू तर होतीस की तिथं!" मी म्हटलं, "मी कागद कापत होते." हे खोटं होतं. कागद बाई कापत होत्या.

घरी अव्वा, म्हणजे माझी आई, ज्वारी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती निवडायची थांबली नाही.

"सांगितलंस तर काय होईल?"

"बाई राहतील."

"आणि तू?"

मी ज्वारीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"शाळेतनं एक चिठ्ठी दुकानात येऊ दे," अव्वा म्हणाली. "अप्पा उद्यापासनं तुला उंबरा ओलांडू देणार नाहीत. शहरात काय चाललंय बघतीस ना? लोकांच्या बाहेर जाऊन काय करायचं नसतंय या दिवसांत." मग मूठभर ज्वारी पुढे ओढून, "त्या बाईला आणखी कुठंबी नोकरी लागंल. शिकलेली आहे."

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी मी मोठ्या बाईंना इंग्रजीत पत्र लिहायला बसले. पहिल्या खेपेला लिहिलं, खळ मी आणली, ती धुतली की निघते हे मला माहीत होतं. 'माहीत होतं' खोडलं. मग 'मी' खोडून 'एका मुलीने' केलं. मग वाटलं, मुलगी कशाला? शेवटी एवढंच उरलं की खळ हलक्या प्रतीची होती. त्याखाली सही करण्यासारखं काही नव्हतं. मी तो कागद चुलीत घातला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई लिंबाखाली एकट्याच होत्या. आईला बाहेर आणलं नव्हतं. मी जवळ गेले.

"बाई, ती खळ मागावरची होती. ती पाण्याने सुटते. सुटण्यासाठीच असते."

"आमच्या कोकणात माग नाहीत," बाई म्हणाल्या. "मला काय कळणार? मी आपली रात्रभर विचार करतेय, माझ्या हातून काय चुकलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

त्या दिवशी लोटा धरताना माझ्या मनात काय होतं ते मी शोधत राहिले. कागद सुटावेत असं मला वाटलं होतं का? की डोक्यात काहीच नव्हतं? रोज पायाखालची पायरी दिसत नाही तसं?

"घरात सगळ्यांना माहीत असतं," मी म्हटलं.

"मी विचारलं, तुला?"

मी मान खाली घातली. बाईंनी एकदा व्हरांड्याकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे बघ, मी तुझं नाव घेणार नाही. घेतलं तरी मी पोरीवर ढकलते असं मोठ्या बाई म्हणतील. पण तू आपणहून सांगितलंस तर ऐकतील. चूक म्हणून सांग. आईला घेऊन मी कुठे जाऊ गं?"

शिक्षिकेने विद्यार्थिनीला असं विचारलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"सांगते," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता."

लिंबापासून ऑफिसचं दार लांब नव्हतं. बाई माझ्या मागे व्हरांड्याच्या खांबापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. मी आत गेले. मोठ्या बाई लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली. चेहरा रागीट नव्हता, थकलेला होता. "येस, माय डिअर?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. इंग्रजीत, व्याकरणाला धरून. पहिला शब्द 'आय' होता आणि तो निघालाही.

"आय हॅव अ हेडेक," मी म्हणाले.

त्यांनी लगेच घरी जायच्या परवानगीची चिठ्ठी लिहिली, सही केली, टिपकागद दाबला. पाणी पिऊन जा म्हणाल्या. मी थँक यू म्हटलं.

बाहेर बाई खांबाला हात लावून उभ्या होत्या. माझ्या हातातली चिठ्ठी त्यांना दिसली. मला वाटतं, सही केलेला कागद पाहून क्षणभर त्यांना काही वेगळं वाटलं असावं, कारण त्या दोन पावलं पुढे आल्या. मग चिठ्ठीचा रंग त्यांनी ओळखला. आजारी मुलींची चिठ्ठी गुलाबी असायची.

"ऊन फार आहे," त्या म्हणाल्या. "डोक्यावरून पदर घे."

मी पदर घेतला आणि फाटकाकडे चालू लागले.