खेळण्याचा पगार

सिद्धराम हत्तरगीला चार वर्षं खेळण्याचा पगार मिळाला. कोल्हापुरात असा पगार घेणारे दुसरे म्हणजे तालमीतले पैलवान. पण त्यांना निदान हलगी वाजवून मैदानात आणतात. सिद्धरामला शिरोली एमआयडीसीत, एका फौंड्रीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सकाळी नऊ वाजता स्टुलावर बसवत.

त्या शेडमध्ये व्हिडिओ गेमची यंत्रं तयार होत. तयार होत म्हणजे जुळवली जात. सुतार प्लायवुडचं उभं खोकं करायचे, पेंटर त्यावर अग्निबाण काढायचा, पडदा जुन्या टीव्हीचा असायचा आणि आतला बोर्ड मुंबईहून पार्सलनं यायचा. तो मुंबईला कुठून येतो हे विचारायचं नाही, असा शेडचा नियम होता. तयार यंत्रं सांगली, निपाणी, इचलकरंजीच्या पार्लरांत जात. तिथं आठ आणे टाकले की माणसाला तीन जीव मिळत. मालक आकारामशेठ पूर्वी पिठाच्या गिरण्या बनवायचे. ते या दोन धंद्यांत फारसा फरक मानत नसत. "त्यात जोंधळं घालायचं, ह्यात आठ आणं. आवाज येतोय न्हवं, मग चालतंय."

सिद्धरामचं काम वायरिंगचं आणि बटणं बसवण्याचं. शिवाय यंत्र बाहेर पडण्याआधी ते तासभर खेळून पाहायचं. तो हे काम पंचनामा लिहिणाऱ्या तलाठ्यासारखं करी. चार वर्षांत तो तिसऱ्या फेरीच्या पुढं गेला नाही आणि आपण जिंकावं असं त्याला एकदाही वाटलं नाही. बटण दाबलं, गोळी सुटली, मेलो, पुन्हा उठलो, पुढचं यंत्र.

शेडचं खरं डोकं होतं बाबालाल शिकलगार. सिद्धरामपेक्षा सहा वर्षांनी मोठा, पूर्वी रेडिओ दुरुस्तीत होता. बंद पडलेल्या बोर्डावर तो आधी मीटर लावत नसे. त्यावरच्या एकेका काळ्या चिपेवर, म्हणजे आयसीवर, बोट ठेवत जाई आणि कुठंतरी थांबून म्हणे, "ह्याला ताप आलाय." बिघाड नेमका त्याच आयसीत निघे. दोघं जेवायला एकत्र बसत. सिद्धराम लिंगायत, त्यामुळं ज्या दिवशी डब्यात मटण असेल त्या दिवशी बाबालाल पाठ करून बसे. त्या पाठीवरून सिद्धरामला शेजारी काय सुख चाललंय ते कळे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मागणी बसली. लोक घरच्या टीव्हीपुढं बसायला लागले, पोरं पैसे चोरतात म्हणून आईबाप पार्लरवर भांडायला यायला लागले, आणि गेलेली यंत्रंच परत यायला लागली. शेठनी श्रावणाच्या आत दोन सुतार आणि पेंटर कमी केला. राहिलेल्यांत अजून एकजण जाणार, हे चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

अशा एका दुपारी शेठनी सिद्धरामला केबिनमध्ये बोलावलं. केबिनही त्याच प्लायवुडची होती.

"बस. बाबालाल कसा माणूस हाय रं?"

सिद्धराम बसला. त्याला प्रश्न कळला. पुढं अनेक महिने त्यानं स्वतःशी असा वाद घातला, की आपल्याला प्रश्न कळला नव्हता. पण तो वाद तो दरवेळी हरला.

"शेठ, बाबालालसारखा मेकॅनिक पंचगंगेच्या ह्या अंगाला न्हाय. टीव्ही घ्या, रेडिओ घ्या, टेप घ्या. डोळं झाकून करतोय. त्याचं काय, त्याला कुठंबी काम मिळंल."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मित्राची स्तुती करावी तर अशी. कोल्हापुरात माणूस कुणाबद्दल चांगलं बोलायला लागला की हात आखडता घेत नाही. फक्त शेवटचं वाक्य न बोलता भागलं असतं.

शनिवारी शेठनी बाबालालला सगळ्यांदेखत सांगितलं, की सोमवारच्या सुट्टीनंतर येऊ नको. वर समजूत घातली, "तुझं काय लगा, तुला कुठंबी काम मिळंल." सिद्धराम चार हातांवर एका यंत्रात डोकं घालून वायरी बांधत होता. ते डोकं त्यानं बराच वेळ बाहेर काढलं नाही. बाबालाल मात्र हसला. त्याला ती शाबासकी वाटली.

घरी, कसबा बावड्याच्या दोन खोल्यांत, सिद्धरामनं बायकोला सांगितलं. रुद्राणी संकेश्वरकडची, सरळ विचार करणारी.

"तुमी त्येंच्याबद्दल चांगलंच बोललासा न्हवं?"

"व्हय."

"खोटं काय बोललासा?"

"न्हाय."

"मग चांगलं बोलल्याचं पाप कसं लागंल वो?"

"तेच तर कळंना झालंय."

काम मात्र कुठंबी मिळालं नाही. शहरातल्या टीव्हीच्या दुकानांत ज्याचा त्याचा माणूस होता. मालकाचा भाचा, मालकिणीचा भाऊ. बाबालालचं बोट घेऊन कुणी काय करणार? दिवाळीपर्यंत तो घरीच होता. सिद्धराम आधी त्याची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं सायकल मारायचा. मग तेही सहन होईना, म्हणून जायला लागला, आणि जाताना दरवेळी सासुरवाडीचा गूळ न्यायला लागला.

"सिद्राम, लगा, किती गूळ आणशील?" बाबालाल म्हणाला. "मुंग्या आमच्यात घरजावई हून बसल्यात."

त्याची बायको नजीरा आतून म्हणाली, "आणू द्या की. तुमच्या तोंडात काय तर गोड जाऊ दे."

दिवाळीनंतर शेडमध्ये सात बोर्ड बंद पडून परत आले. पार्लरवाले दारात बोंबलत होते. शेठनी ते सिद्धरामपुढं टाकले. "बघ जमतंय का. चार वरसं शेजारी बसलातास की त्याच्या." सिद्धरामनं बाबालालसारखं बोट ठेवून पाहिलं. त्याला सगळेच आयसी सारखे लागले. मग त्यातला एक बोर्ड त्यानं डब्याच्या पिशवीत घातला आणि सोमवारी सकाळी बाबालालकडं नेला.

बाबालालनं तो खिडकीशी धरला. चार महिन्यांत त्याचा चेहरा इतका खुलला नव्हता. अर्ध्या तासात बोर्ड सुरू. मजुरीचं नाव काढल्यावर त्यानं हात झटकला. "गप. हात चालू ऱ्हातोय माझा. बाकीचं बी आण."

दर सोमवारी एक, अशा सात बोर्डांना सात सोमवार लागले. सातव्यानंतर आकारामशेठनी सिद्धरामच्या पाठीवर थाप मारली, पगार थोडा वाढवला आणि त्याला हेड मेकॅनिक केलं. हाताखाली कोणी नव्हतं, पण हेड केलं. चहावाला त्याला 'मिस्त्री' म्हणायला लागला. सिद्धराम तो चहा तसाच ठेवायचा.

संक्रांत झाली आणि त्याला ते झेपेना. पुढच्या सोमवारी आठवा बोर्ड हातात होता. तो खाली न ठेवताच त्यानं बाबालालला सांगितलं. केबिन, शेठचा प्रश्न, आपलं उत्तर, आणि ते शेवटचं वाक्य. "मला ठावं हुतं, शेठ का इचारतोय. ठावं असून बोललो."

बाबालालनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कवाची गोष्ट?"

"तू जायच्या आदल्या बुधवारी."

"मला मंगळवारी इचारलं त्यानं. तुझ्याबद्दल."

सिद्धरामनं बोर्ड खाली ठेवला. "तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, त्याला काय येत न्हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? म्हटलं, शेठ, सिद्राम मन लावून करतोय, पण त्याला वायर जोडण्याबिगर काय येत न्हाय. चार वरसात बोर्डातलं एक अक्षर कळलं न्हाय त्याला. हितनं काढलासा तर त्याला दारात कोण हुभं करणार न्हाय. त्याला ठेवा."

मित्रानं आपल्याला नालायक ठरवून वाचवलं आणि आपण मित्राला गुणवान ठरवून बुडवलं, हे सिद्धरामच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरल्यावर त्याला आधी राग आला, हे इथं लिहायला हवं, कारण ते त्यानंच सांगितलंय. चार वर्षांत एक अक्षर कळलं नाही? पण बोर्ड समोरच पडला होता आणि तो दुरुस्त करता येत नाही म्हणून तो इथवर घेऊन आला होता.

"मी शेठला सगळं सांगतो," तो म्हणाला.

"सांग की," बाबालाल म्हणाला. "तवर हा बोर्ड हिकडं दे."

मंगळवारी सिद्धरामनं केबिनमध्ये जाऊन, उभ्यानंच, सांगितलं की आठही बोर्ड बाबालालनं दुरुस्त केलेत. शेठनी कागदावरून डोळे उचलले नाहीत.

"मला म्हाईत हाय."

"व्हय?"

"तुझं सोल्डरिंग मी चार वरसं बघतोय. बेडूक बसल्यागत बसतंय. ह्या बोर्डावर कसं मोत्यावानी हाय." शेठनी पेन खाली ठेवलं. "आता बघ, घरबसल्या त्याचं काम हुतंय, हितं तुझं. मला एकाच पगारात दोघं पडतात. कुणाची तक्रार हाय? तुझी हाय?"

"त्याला परत घ्या, शेठ."

"जागा एकच हाय. तू सोडतोस?"

सिद्धराम इतका वेळ सत्य बोलायच्या जोरात होता. या प्रश्नाची त्यानं तयारी केली नव्हती. बाहेर कुणीतरी चालू करून ठेवलेलं यंत्र आपलं आपण खेळत होतं. त्याला रुद्राणी आठवली, थोरलीची शाळा आठवली. बाबालाललाही यातलं सगळं होतं, हेही आठवलं.

"इचार करून सांगतो," तो म्हणाला.

"कर, कर. सावकाश कर," शेठ म्हणाले.

शेठना ठाऊक होतं की जो विचार करून सांगतो म्हणतो, तो सावकाशच करतो. पुढचे आठ दिवस सिद्धराम वेळेवर कामाला गेला. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज संध्याकाळी वाटायचं, आज शेठचा मूड बरा नव्हता. शनिवारी आणखी एक बंद बोर्ड त्याच्या पिशवीत आला.

सोमवारी बाबालालनं विचारलं, "मग? सांगितलंस?"

"सांगितलं. त्येला आधीपासनंच ठावं हुतं." आणि मग, बाबालाल वाट बघत राहिला म्हणून, "म्हणला, जागा एकच हाय. तू सोडतोस का म्हणला."

"तू काय म्हणलास?"

"इचार करून सांगतो म्हटलं."

सिद्धरामला वाटलं, आता हा शिवी देईल. त्याला ती हवी होती. बाबालालनं फक्त मान हलवली, जशी तो आयसीचा ताप सापडल्यावर हलवी. मग बोर्ड उचलला, फडक्यात गुंडाळला आणि परत सिद्धरामच्या पिशवीत घातला.

"हा न्हाय करत."

"रागावलास?"

"तुझ्यावर का रागवू? तुला लेकरंबाळं हायती. पण शेठला म्हाईत न्हाय असं समजून मी करत हुतो. तुझी नोकरी टिकावी म्हणून करत हुतो. त्याला म्हाईत असून तो फुकट करून घेतोय म्हटल्यावर मी कोण, त्याचा बैल? त्याला म्हणावं, बोर्ड घिऊन सोता ये." मग आत बघून ओरडला, "नजीरा, सिद्रामला च्या टाक."

चहा सिद्धरामनं प्यायला. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

मंगळवारी त्यानं बंद बोर्ड शेठच्या टेबलावर ठेवला. "हा झाला न्हाय. बाबालाल करत न्हाय म्हणाला. मला येत न्हाय. मला ह्यातलं कायबी येत न्हाय. ज्याला येतंय त्याला बोलवा."

"आणि तू?"

"मी जातो घरला."

शेठनी त्याला थांब म्हटलं नाही. गुरुवारी बाबालाल परत शेडमध्ये गेला, आधीच्या पगारावर. जायच्या आधी बावड्याला येऊन गेला, दारातच उभा राहून म्हणाला, "तू नको म्हण, मी जात न्हाय." सिद्धराम म्हणाला, "जा." रुद्राणी चूल फुंकत होती, ती फुंकत राहिली. पुढच्या हंगामात सिद्धरामला बिद्रीच्या साखर कारखान्यात हंगामी काम लागलं. वायरी जोडायचं.

आता शिरोलीच्या नाक्यावर चहाच्या टपरीवर सिद्धरामचं नाव निघालं की लोक आदरानं बोलतात. दोस्तासाठी नोकरी सोडली, असा माणूस आज कुठं बघाय मिळतोय? बाबालाल तर ज्याला त्याला सांगत सुटतो. सिद्धराम सुट्टीला आला की टपरीवाला त्याच्याकडनं पैसे घेत नाही.

परवाच कुणीतरी पुन्हा तो विषय काढला. सिद्धरामनं कप खाली ठेवला.

"मी सोडली न्हाय नोकरी," तो म्हणाला. "बोर्ड तसाच परत आला. दुसरा इलाजच न्हवता. बाबालालनं तो करून दिला असता, तर मी आजबी तिथंच असतो."

"ऐका," टपरीवाला बाकीच्यांना म्हणाला. "मोठेपणबी घेत न्हाय बघा."

"आरं, आठ दिवस गप बसलोतो मी!"

"बसणारच की. एवढी मोठी गोष्ट हाय, आठ दिवस तर लागणारच." आणि त्यानं सिद्धरामपुढं न मागता दुसरा कप ठेवला.