ज्यांनी सरांचा उल्लेख केला

इंगोले सर कोणताही शोधनिबंध शेवटच्या पानापासून वाचत. आधी संदर्भांची यादी, मग निष्कर्ष, लेखकाचं नाव सर्वांत शेवटी. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कामरगावच्या शाळेच्या व्हरांड्यात ते असंच एक परदेशी मासिक मागून चाळत बसले होते. मी बघते आहे हे पाहून म्हणाले, "लेखक काय म्हनते ते मंग पाहू. त्यानं कोनाकोनाचं ऐकलं, ते पह्यले पाहा लागते."

सरांविषयी लिहिण्याची माझी योग्यता किती, हे मला माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण सर मागच्या वर्षी गेले, आणि ते कसे होते हे कोणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहिते.

सर कामरगावचेच. मुंबईला कर्करोगावर संशोधन करत आणि दर हिवाळ्यात महिनाभर गावी येत. एसटीने गावोगाव फिरून तंबाखू खाणाऱ्यांची तोंडं तपासत. बॅटरी घेऊन ओट्यावर बसले की म्हातारे थट्टा करत, दात मोजायला आलात तर आमच्याकडे काही मिळणार नाही म्हणत. सरही सोडत नसत. "दात नाई तं तंबाखू चोखून राह्यले का?" म्हातारा हसायला लागला की बॅटरी आत.

या नोंदींवर त्यांनी एक निबंध लिहिला होता. तोंडात पांढरे चट्टे असलेल्या बायकांपैकी किती जणींना पुढे कर्करोग होतो, हा त्याचा विषय. तो फार गाजला. कोणाच्या कामाचा उल्लेख पुढे कोणी केला, हे सांगणारी एक जाड सूची मुंबईच्या ग्रंथालयात असते. सर तीतून आपले उल्लेख उतरवून आणत. त्या उल्लेखांचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. "निबंध किती लिहिले हे कोनीबी सांगन," ते म्हणत. "लोकायनं त्याच्यावर काय उभं केलं, ते सांगा."

मी कॉलेजात असताना एका वर्षी त्यांच्या संस्थेत विभागप्रमुखाची जागा निघाली होती. अर्जासोबत उल्लेखांची यादी जोडायची होती. माझं अक्षर बरं म्हणून तिची प्रत काढायचं काम मला मिळालं. वाळवी लागलेल्या जुन्या नोंदवह्याही उतरवायच्या होत्या.

कामरगावच्या वहीत मला माझी आत्या दिसली. गंगू, पुढे आजोबांचं नाव, आणि आजार कर्करोग. ती आमच्याच घरी वारली होती. मी ती ओळ उतरवून पुढे लिहू लागले. पुढच्या रविवारी आत्याच्या सासरची, शिरपूरची वही उतरवताना शोभा या नावापुढे आत्याच्या नवऱ्याचं नाव आलं. आजार तोच. लग्नात आत्याचं नाव बदललं होतं. सासरी ती शोभा होती, माहेरी गंगूच राहिली.

आमच्याकडे दुखणं वाढलं की बाईला माहेरी आणतात. धडधाकट बाई कापूस वेचायला सासरीच असते. म्हणजे दोन गावांत दोन नावांनी मोजल्या गेल्या, त्या आजारी बायकाच. शोधल्यावर आणखी चौघी सापडल्या. निबंधातला कर्करोगाचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा होता.

दोन दिवस मी त्याच वह्या पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. माझं चुकत असेल तर? आणि चुकत नसेल तर सरांच्या अर्जाचं काय? शेवटी दोन्ही वह्या उघडून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"तुले पक्कं माहीत हाय?"

"माही आत्या होती, सर."

त्यांनी त्या दोन ओळींवर एकेक बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे मी तिले दोनदा मारलं."

अर्ज आता आहे तसाच पाठवावा, दुरुस्ती मागून कळवावी, असं मी भीत भीत सुचवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी केलेली यादी उचलून माझ्याच हातात दिली. "याच्यात साऱ्यायचे पत्ते टाक. ज्यायनं माह्यावर इस्वास ठेवला, त्यायले पह्यले कळलं पाह्यजे."

त्या संध्याकाळी त्यांनी सगळी मोजणी नव्याने केली. आकडा उतरला, पण निष्कर्ष टिकला. "कमी झालं, पडलं नाई," ते म्हणाले, आणि जेवायला उठले. मासिकाला पाठवलेल्या दुरुस्तीत चूक कोणी दाखवली म्हणून माझं नाव होतं. ते नको, असं मी दोनदा म्हटलं. "काहून? चूक माह्या नावावर हाय, तं शोध तुह्या नावावर राहीन." अर्जातही दुरुस्तीचा कागद त्यांनी सर्वांत वर लावला.

जागा दुसऱ्याला मिळाली. एसटी चुकल्याचं सांगावं तसं त्यांनी मला ते सांगितलं आणि विषय बदलला.

पुढच्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर शिरपूरला गेले. पहिलीच बाई बरीच म्हातारी होती. सरांनी बॅटरी बाजूला ठेवली.

"माय, माहेरी तुले काय म्हनत?"

ती तोंडाला पदर लावून हसली. "ठकू म्हनत, बाबू. आता त्या नावानं हाका मारनारं कोनी राह्यलं नाई."

सरांनी नाव लिहून घेतलं आणि बॅटरी लावली. "मंग ठकू," ते म्हणाले, "कर आ."