लग्नाच्या रिळातलं कुलूप

लग्नाचा अल्बम कुणी पुढे केला की ती घटना मला आजही आठवते, आणि मी तो अल्बम न उघडताच "छान आहे" म्हणून परत देतो. घरच्यांना वाटतं, म्हातारा माणूसघाणा झाला. वाटू दे.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी तेव्हा उल्हासनगरात उपनिरीक्षक होतो. कॅम्प पाचमध्ये पुढे दुकान, मागे छोटा कारखाना आणि वर बिऱ्हाड अशी दाट वस्ती. तिथल्या पत्र्याच्या एका गाळ्यात रेक्झीनच्या पर्स बनत. चिकटवायला चटकन पेट घेणारं सोल्यूशन लागायचं, त्याचे उघडे डबे जमिनीवरच पडलेले असत. एका दुपारी तिथे आग लागली आणि आत काम करणारी एक बाई गुदमरून मेली. अग्निशामक दलाने मागची भिंत फोडून तिला बाहेर काढलं. आम्ही पोहोचलो तोवर मालक आलेला होता आणि पुढचं शटर सताड उघडं होतं. पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं.

"शटर नुसतं खाली ओढलेलं होतं साहेब," मालकाने जबाब दिला. "मी घरी जेवायला गेलो होतो. बाईने चहासाठी स्टोव्ह पेटवला असणार. कितीदा सांगितलं होतं तिला."

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. बाई बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या बाजूच्या एका पाड्यावरची. नवरा पावसाळ्यात भात लावणारा, एरवी मिळेल ती मजुरी करणारा. प्रेत ताब्यात घेतल्यावर सहीच्या जागी अंगठा उठवून तो तिथेच उभा राहिला.

"साहेब, तिच्यामुलं आग लागली आसं समदी बोलतान. मंग ती पलाली का नाय? माझी पोरगी मला इचारते. येवढं शोधून द्या."

भरपाईबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. माझ्या नोकरीत मृताचे नातेवाईक पुष्कळ भेटले. रडणारे, भांडणारे, हात जोडणारे. असा एकच प्रश्न घेऊन उभा राहणारा माणूस मात्र तोच.

काही दिवसांनी खबर मिळाली ती आमच्याच ठाण्यात चहा देणाऱ्याकडून. त्याची गाडी त्याच गल्लीत लागायची. शिपाई बाहेर जाईपर्यंत तो उगाच ग्लास पुसत थांबला आणि मग हळूच म्हणाला, "साब, ती बाई स्टोव्ह कायको पेटवेल? तिचा चहा तर मीच देत होतो. मागच्या जाळीतून. पुढे ताला असतो ना." मी जबाबाचा कागद ओढताच तो निघाला. "मेरा नाम मत लिखो साब. धंदा तिथेच करायचा आहे मला."

मग सगळा प्रकार उलगडला. गाळ्याला कारखान्याचा परवाना नव्हता. दुपारी कुणी तपासनीस फिरकला तर गाळा बंद दिसावा म्हणून मालक जेवायला जाताना बाहेरून कुलूप लावायचा. बाकीच्या दोघी कामगार बायका जवळच राहायच्या, त्या घरी जायच्या. हिचं घर लांब, म्हणून ही आत डबा खाऊन पुन्हा कामाला बसायची.

मालकाला पुन्हा बोलावलं. मी आवाज चढवला नाही, त्याला नुसतं बोलू दिलं. खरं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा तेवढंच सांगतो, खोटं बोलणारा भर घालत जातो. या खेपेला स्टोव्हचा रंगही सांगून झाला. पण कुलूप? "कुलूपच नव्हतं साहेब, आईशप्पथ."

त्याच आठवड्यात फोटोग्राफर प्रिंट घेऊन आला. त्याचा स्टुडिओ अंबरनाथला होता. लग्नांचे फोटो काढायचा आणि आमच्या पंचनाम्यांचेही. आगीच्या दिवशी तो जवळच्याच हॉलमध्ये एका लग्नाला होता. पंगती झाल्या होत्या आणि पाठवणीला वेळ होता, म्हणून फ्लॅशचे सेल आणायला निघाला, तर वाटेत धूर दिसला. कॅमेरा गळ्यात होता. आम्ही यायच्या आधीच त्याने एक फोटो काढला होता आणि मग तोही लोकांबरोबर शटर उचकटायला धावला होता. आमच्यासाठी प्रेताचे आणि जागेचे फोटो काढून झाल्यावर तो पुन्हा पाठवणीला गेला. हे सगळं एकाच रिळात. पंगत, आग आणि पाठवणी.

तो पहिला फोटो मी भिंगाखाली धरला. शटरच्या फटीतून धूर येतो आहे, दोन माणसं पत्र्यावर लाथा मारताहेत, आणि खाली कडीत चांगलं मोठं कुलूप आहे. म्हणजे आम्ही पोहोचायच्या आत मालकाने ते काढून शटर उघडलं होतं. मी तो मोठा करून आणायला सांगितलं. निगेटिव्ह जपून ठेव, असंही बजावलं. तेव्हा पद्धत अशी होती की निगेटिव्ह फोटोग्राफरकडेच राहायची, पुन्हा प्रिंट लागली तर सोय व्हावी म्हणून.

मोठा केलेला फोटो मालकापुढे ठेवला. त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि म्हणाला, "साहेब, या गल्लीत सगळेच लावतात."

निष्काळजीपणाने मृत्यू आणि बेकायदा कोंडून ठेवणं, अशा कलमांखाली गुन्हा दाखल झाला. मी स्वतः पाड्यावर निरोप धाडला. आपण मोठं काम केलं, असं मला तेव्हा वाटत होतं.

खटला उभा राहायला वर्षं गेली. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, त्यामुळे मालकाचं ते वाक्य कागदावर असून नसल्यासारखं. चहावाल्याला कसाबसा साक्षीला आणला, तर तो पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, मला काही ठाऊक नाही. पंच शेजारचे दुकानदार, त्यांनी उघडं शटर पाहिलं तेच सांगितलं. त्या दोघी कामगार बायका आणि फोटोतली लाथा मारणारी माणसं, यांतलं कुणीच पुढे आलं नाही. उरला फोटो.

समन्स हातात पडल्यावर फोटोग्राफरने निगेटिव्ह शोधायला घेतली आणि धावत माझ्याकडे आला. रीळ लग्नाचं, म्हणून त्याने सगळ्या पट्ट्या लग्नाच्याच पाकिटात ठेवल्या होत्या. वराकडची माणसं अल्बम न्यायला आली तेव्हा तो बाहेरगावी होता. बायकोने नाव बघून पाकीट देऊन टाकलं.

आम्ही दोघं त्या घरी गेलो. वराच्या आईने आम्हाला सरबत दिलं आणि काही न लपवता सांगितलं. "मी पट्टी उजेडात धरली हो. सुनेच्या पाठवणीला चिकटून प्रेत. माझ्या काळजाचं पाणी झालं. तिच्या संसारावर कशाची सावली नको म्हणून न्हाणीतल्या बंबात टाकलं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने विचारलं, "काही चुकलं का साहेब?" मी नाही म्हणालो. तिला काय सांगणार होतो मी?

कोर्टात बचावाचे वकील फोटोग्राफरशी फार गोड बोलले.

"नवरीच्या चेहऱ्यावरचे डाग तुम्ही फोटोतून काढता?"

"काढतो साहेब."

"म्हणजे फोटोत नसलेलं दाखवता येतं, असलेलं पुसता येतं?"

"येतं. पण ह्यात मी काही केलं नाही."

"निगेटिव्ह दाखवा, आम्ही मान्य करू."

कलाकुसरीचं कौतुक ऐकायची सवय असलेला माणूस, त्याच कलेने त्याला खोटं पाडलं. निगेटिव्ह नाही म्हणून फोटो पुराव्यात घेतला गेला नाही, त्याच्या तोंडी साक्षीवरही कोर्टाने विश्वास ठेवला नाही आणि संशयाचा फायदा देऊन मालकाला सोडलं.

बाहेर व्हरांड्यात नवरा वाट बघत होता. त्याने विचारलं, "म्हंजी दार उघडं व्हतं, आसं बोललं का कोर्ट?"

मी त्याला संशयाचा फायदा समजावू लागलो. तो मान हलवत होता, पण त्याला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बोलता बोलता मलाही ते पटेनासं झालं. शेवटी तो म्हणाला, "कोर्टाला नको तर त्यो फोटू मना द्या." माझ्याकडची प्रत कागदपत्रांत बांधलेली, ती देता येईना. फोटोग्राफरकडे एक जादा प्रिंट होती. ती त्याने दुसऱ्याच दिवशी नेऊन दिली. त्यानंतर आमच्या पंचनाम्याचं काम मात्र त्याने कधी घेतलं नाही.

निवृत्तीनंतर फोटोग्राफर मंडळी मला कधीमधी कायद्याचं बोलायला बोलावतात. मी त्यांना सांगतो, रस्त्यावरून जे दिसतं त्याचा फोटो काढणं गुन्हा नाही, कुणी दटावलं म्हणून रीळ उघडून देऊ नका. पोलिसांनी मागितलं तर पंचनामा करून द्या आणि पोच घ्या. पण अपघात, आग, मारामारी यांतलं काहीही टिपलंत तर तिथेच रीळ संपवा. उरलेले फोटो वाया गेले तर जाऊ देत. त्या निगेटिव्हवर रिटचिंगचा हात फिरवू नका आणि ती कुणाच्या लग्नाच्या पाकिटात ठेवू नका. पोरं टिपून घेतात. कुणीतरी हमखास विचारतं, साहेब, पार्टीने पैसे बुडवले तर काय करायचं. मग मी त्याचंही उत्तर देतो.

एकदा बारवीच्या बाजूला जाणं झालं तेव्हा मी त्या पाड्यावर गेलो. नवरा थकला होता, पण त्याने ओळखलं. मुलगी सासरहून आली होती, तिने पाणी आणलं. कुडाच्या भिंतीवर तो फोटो काचेत बसवून लावला होता. धूर, लाथा मारणारी माणसं, कुलूप. वर झेंडूचा हार, ताजा. मी विचारलं, बाईचा स्वतःचा फोटो नाही का लावला?

"तिचा फोटू कंदी काडलाच नाय साहेब. ह्यो येकच हाय."

मी म्हणालो, "पण यात ती कुठे आहे?"

त्याने उठून कुलपाच्या वर, शटरच्या पत्र्यावर बोट ठेवलं. "हितं, आत हाय. ह्या फोटूत जित्ती हाय ती."